रापणकारांची संघटना आणि समुद्राचे रक्षण

कामगार संघटना म्हटली की पगारवाढ, बोनस आणि कामाचे तास एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु संघटित श्रमिकांनी निसर्गरक्षणासाठी झगडल्याचे एक ठळक उदाहरण आमच्या गोमंतकाच्या किनाऱ्यावरच घडले आहे. त्याचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रापण म्हणजे होडीने समुद्रात सोडून दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढावयाचे लांबलचक जाळे. ते ओढावयास गावचे अनेक हात लागतात आणि मिळालेल्या बांगड्यांच्या वाटण्या ठरलेल्या रीतीने होतात. हे जाळे मासळीमागे धावत नाही. ती किनाऱ्याजवळ येईल तेव्हाच टाकले जाते. मुक्तीनंतर सरकारी साहाय्याने ट्रॉलर आले. त्यांची जाळी समुद्राचा तळ खरवडू लागली. कोळंबीबरोबर लहान पिलेही त्यांत सापडू लागली. रापणी रिकाम्या येऊ लागल्या.

तेव्हा, १९७०च्या दशकात, रापणकार एकत्र आले. पेशाने शिक्षक असलेले माथानी साल्ढाणा हे त्यांचे पुढारी. त्यांनी नुकसानभरपाईवर समाधान मानले नाही. किनाऱ्यालगतचा पट्टा यांत्रिक नौकांना बंद करावा, मासळीच्या प्रजननकाळात तिला उसंत द्यावी, अशी त्यांची मागणी होती. १९७८ साली निरनिराळ्या प्रांतांतील मच्छीमारांच्या संघटना एकत्र येऊन राष्ट्रीय मंच स्थापन झाला. १९८० साली गोव्यासाठी सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. पुढे १९८९ साली या मंचाने पाण्याच्या व जीवनाच्या रक्षणाची हाक देत पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरून यात्रा काढल्या. त्या १ मे रोजी कन्याकुमारीस मिळाल्या.

नारळी पौर्णिमेला सागरास श्रीफळ अर्पण करून मगच होडी लोटावयाची, ही आपल्याकडील जुनी रीत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो; त्या सक्तीच्या विश्रांतीत मासळीलाही अभय मिळे. यंत्राने माणसाची ही सक्ती संपविली, म्हणून कायद्याची गरज पडली. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी ठरली. २०१७ साली प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीसही केंद्र सरकारने मनाई केली.

परंतु नियम कागदावर राहिला तर समुद्रास त्याचा काय उपयोग? ज्याचे भांडवलच समुद्र आहे, त्याची मजुरी आणि समुद्राचे आरोग्य वेगळे करता येत नाही. रापणकारांनी हे ओळखले. दर्याला नारळ वाहणाऱ्या आम्हां सर्वांनीही ते ओळखले पाहिजे.