व्याख्यान व अध्ययन
व्याख्यान म्हणजे एखाद्या विषयाचे श्रोत्यांपुढे केलेले सुसंगत मौखिक विवरण, तर अध्ययन म्हणजे त्या विषयाचे अध्येत्याने स्वतः वाचन, मनन व अभ्यास यांद्वारे केलेले आकलन. व्याख्यानाने जिज्ञासा जागी होते. ज्ञान पक्के होते ते अध्ययनाने. महाराष्ट्रातील लोकशिक्षणाच्या इतिहासात या दोहोंची सांगड जेथे घातली गेली, तेथील कार्य अधिक टिकाऊ ठरल्याचे दिसते.

प्राचीन भारतीय परंपरेत श्रवण, मनन व निदिध्यासन असा क्रम सांगितला आहे. त्यात श्रवण ही केवळ पहिली पायरी होय. पारंपरिक पाठशाळांत गुरूने पाठ सांगितल्यावर विद्यार्थी तो आपसांत पुन्हा मांडून त्यावर शंकासमाधान करीत. यास चिंतनिका म्हणत.

आधुनिक काळात मुंबईच्या एल्‌फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. दादाभाई नवरोजी हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक होते. देशी भाषांतून ज्ञानप्रसार करण्यासाठी तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. सभेपुढे निबंध वाचावयाचा, तर वक्त्याला आधी अभ्यास करणे भागच पडे. १८५० मध्ये सुरू झालेल्या मराठी ज्ञानप्रसारक मासिकामुळे असे लेखन सभागृहाबाहेरील वाचकांनाही उपलब्ध झाले.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. मराठीतून होणाऱ्या अशा व्याख्यानांमुळे इंग्रजी शिक्षण न लाभलेल्यांनाही इतिहास, अर्थकारण, समाजसुधारणा यांसारख्या विषयांचा परिचय होऊ लागला. पुढे अनेक गावांत अशा माला निघाल्या. १९१० मध्ये वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. तेथे अस्सल कागदपत्रांवर आधारलेले लेख सभेत वाचून त्यांवर चर्चा होई व ते छापले जात. वक्त्याचे विधान पुराव्यावर तपासण्याची शिस्त त्यामुळे रुजली.

तथापि हे कार्य मुख्यतः शहरांतील साक्षरांपुरते राहिले. ज्याला दिवसभर गुरे राखावयाची असतात, त्याच्यापर्यंत सभागृहही पोहोचत नाही आणि ग्रंथही. या उणिवेला वेगळे उत्तर तत्कालीन ठाणे (२०१४ पासून पालघर) जिल्ह्यात मिळाले. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले व १९५७ मध्ये ते कोसबाड येथे नेले. तेथील वारली मुलांसाठी भरविलेल्या कुरणशाळेत शिक्षकच गुरे चारणाऱ्या मुलांकडे जात. दगड, पाने, बिया हीच तेथील शैक्षणिक साधने होती. सांगणे कमी आणि पाहणे, हाताळणे, करणे अधिक, असे या अध्ययनाचे स्वरूप होते. जव्हार–मोखाड्यासारख्या डोंगराळ आदिवासी भागातील शिक्षणाचा विचार करताना हा प्रयोग विशेष महत्त्वाचा ठरतो.