सर्पविषावरील वनौषधींची चाचणी

सर्पदंशावर परंपरेने दिला जाणारा झाडपाला खरोखर विष उतरवतो का, याची प्रयोगशाळेत केलेली पारख. कोल्हापूर जिल्ह्यात आजरा, चंदगड, राधानगरीकडे भातलावणीत आणि उसाच्या पट्ट्यात तोडणीच्या वेळी ‘पान लागले’ (साप चावला) की पूर्वी आधी भगत गाठला जाई. सापसंदाची मुळी उगाळून पाजणे, निर्गुडी किंवा उपळसरी (अनंतमूळ) देणे हे उपाय सह्याद्रीच्या पट्ट्यात सर्वपरिचित आहेत. भगताला यश येई, याचे कारण साधे : बरेच दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो.

या विषयातील सर्वांत मोठी पारख मुंबईच्या हाफकिन संस्थेतील डॉ. म्हसकर आणि फादर जे. एफ. कैयस यांची. 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात 314 वनस्पती आणि 184 मिश्रणे प्राण्यांवर तपासलेली आहेत. विषाला प्रतिबंध वा उतारा म्हणून एकही उपयोगी ठरली नाही.

तरी ‘अमुक अर्काने विष निष्प्रभ झाले’ असे निबंध येत राहतात. येथे प्रयोगाची रीत पाहावी. बहुतेकदा विष आणि अर्क परीक्षानळीत आधी एकत्र मुरवतात व मग उंदराला टोचतात. अर्कातील टॅनिने कोणत्याही प्रथिनाला धरून साक्याप्रमाणे खाली बसवतात. विषही त्यातच सापडते. शेतकऱ्याला मात्र विष आधी भिनते, औषध नंतर मिळते. म्हणून विष टोचल्यावर काही वेळाने अर्क देऊन केलेली चाचणीच ग्राह्य मानावी.

सापसंदाचे उदाहरण बोलके आहे. त्यातील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल विषातील फॉस्फोलिपेज ए2 या विकराला रोखते, हे प्रयोगात दिसले आहे. पण हेच आम्ल मूत्रपिंडे निकामी करते आणि कर्करोगकारकही आहे. घोणशीचे विष मूत्रपिंडांवरच घाला घालते, म्हणजे रोग्याला दुहेरी मार.

अधिक आशादायक काम कोलकात्यात अँटनी गोम्स व सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात केले. उपळसरीच्या मुळातून वेगळ्या काढलेल्या संयुगाने प्राण्यांत घोणशीच्या विषाचे काही परिणाम कमी झाले. रुग्णांसाठी मान्य औषध मात्र त्यातून निघालेले नाही. घोड्यांच्या रक्तापासून बनवलेली प्रतिविष लस हाच आजचा उपचार. तीही नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारांपुरती. घाटमाथ्यावरच्या चापड्याच्या विषासाठी ती बनवलेली नाही.