समुद्राची रेघ आणि कन्हानची वाळू

पांढुर्ण्याच्या रेल्वे स्थानकावरील पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. जेथून समुद्र शेकडो मैल दूर आहे, त्या गावाची उंची समुद्रापासून का मोजावी, हा प्रश्न लहानपणी आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपण थेट समुद्रकिनाऱ्याच्या मोजणीपर्यंत जाऊन पोहोचतो.

भूमापनाचा इतिहास आपल्या परिसराला परका नाही. हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रवर्तक विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या शेजारच्या हिंगणघाटास मरण पावला. त्याची समाधी तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम उत्तरेकडे नेले. परंतु उंची मोजावयाची तर एक स्थिर पातळी हवी. त्यासाठी बंदरोबंदरी भरती-ओहोटीच्या नोंदी घेण्यात आल्या. मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी १८७८ पासूनच्या असून हिंदी महासागराच्या परिसरातील सर्वांत जुन्या नोंदींमध्ये त्यांची गणना होते. कराची व विशाखापट्टणम यांसह नऊ ठिकाणांच्या नोंदींवरून १९०९ च्या सुमारास देशाची सरासरी समुद्रपातळी ठरविण्यात आली. स्थानकाच्या पाटीवरील आकड्याचे मूळ हे असे आहे.

पातळी ठरली, तरी किनारा कोठे आहे हे ठरविणे त्याहून अवघड असते. वाळूचा किनारा उताराने सपाट असतो. पन्नास मीटरला एक मीटर असा उतार धरला, तर पाणी एक मीटर चढताच काठ पन्नास मीटर आत सरकतो, आणि मुंबईस उधाणाच्या भरतीत पाणी त्याहून कितीतरी अधिक चढते. शिवाय कोकणात पावसाळ्यातील लाटा वाळू ओढून नेतात आणि पावसाळा सरल्यावर शांत समुद्र ती बऱ्याच अंशी परत आणून टाकतो. म्हणून जूनमधील रेघ व मार्चमधील रेघ यांची तुलना करून किनारा खचला असे म्हणणे म्हणजे मृगातील नदी पाहून वर्षभराच्या पाण्याचा हिशेब मांडण्यासारखे आहे.

याकरिता अभ्यासक दीर्घ काळाचा आधार घेतात. जुने सर्वेक्षण नकाशे, विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि १९७२ पासूनची लँडसॅट उपग्रहाची चित्रे एकमेकांवर बसविली जातात. किनाऱ्याला समांतर अशी एक आधाररेषा आखून तिच्यावर ठरावीक अंतरावर काटकोनात आडव्या रेघा मारतात, आणि प्रत्येक रेघेवर किनारा कोणत्या वर्षी कोठे होता हे पाहून दरसाल किती मीटर सरकला ते काढतात. यातही सावधगिरी लागते. एका मैलास एक इंच या प्रमाणाच्या जुन्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची लेखणीची रेघ म्हणजे जमिनीवर सुमारे बत्तीस मीटर! दहा वर्षांच्या तुलनेत एवढी चूक दरसाल तीन मीटरांहून अधिक भासेल. शंभर वर्षांच्या तुलनेत ती सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या मीटरवर येते. जुन्या कागदांचे मोल आहे ते यासाठी.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा असा हिशेब मांडला आहे. त्यानुसार देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भाग खचत आहे. महाराष्ट्राच्या ७३९.५७ किलोमीटर किनाऱ्यापैकी २५.५ टक्के खचणारा, ६४.६ टक्के स्थिर आणि सुमारे १० टक्के वाढणारा आहे. मालवणजवळच्या देवबागसारख्या, एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदी असलेल्या चिंचोळ्या वाळूपट्टीवरील गावास हे आकडे म्हणजे घरअंगणाचा प्रश्न आहे.

आणि येथेच आपला संबंध येतो. किनाऱ्यावरील वाळूचा मोठा भाग नद्यांनी आणलेला असतो. सौसरची कन्हान वैनगंगेस मिळते, वैनगंगा व वर्धा यांची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागरास मिळते. म्हणजे कन्हानच्या पात्रातील वाळूचा ठरलेला मुक्काम गोदावरीचे मुख हा होता. बी. हेमा मालिनी आणि के. नागेश्वर राव यांनी २००४ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की, धरणांत गाळ अडल्यामुळे गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा समुद्राकडील काठ खचत आहे. वैनगंगेवर ज्या गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले, ते आपल्याच वाळूच्या वाटेवर आहे. धरणांनी शेतीस पाणी दिले, त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. परंतु धरणात अडते ती वाळू आणि ट्रकांत भरून जाते ती वाळू, दोहोंची उणीव शेवटी कोणाच्या तरी दारात दिसते, आणि ते दार आपल्या ओळखीचे नसते.

आपण सीमेवरची माणसे आहोत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. या रेघा सरकल्या तेव्हा त्यांची तारीख राजपत्रात नोंदली गेली. पाण्याने सरकविलेल्या रेघेची नोंद मात्र कोणी मुद्दाम ठेवली तरच राहते. आपल्या अनेक घरांत जुने नकाशे, पट्टे, नदीकाठच्या शेतांची चतुःसीमा दाखविणारे कागद पेटीत पडून आहेत. जाम व कन्हान यांचे काठ शंभर वर्षांपूर्वी कोठे होते, हे त्यांतून कळू शकेल. ते कागद वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत, त्यांवरील साल नीट वाचून ठेवावे, एवढीच वाचकांस विनंती आहे.