चोवीस वाट्यांतले सात

सांगलीतल्या एका घरवाटणीचा तंटा सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल १९७८ रोजी निकाली काढला. हा निकाल ‘गुरुपाद विरुद्ध हिराबाई’ या नावाने ओळखला जातो आणि वकिलीच्या विद्यार्थ्यांना त्यातले गणित पाठ असते. त्यामागचे घर मात्र विस्मरणात गेले आहे. ते घर पुन्हा उभे करायला निकालपत्रातल्या वस्तुस्थितीच्या मोजक्या परिच्छेदांचा मोठा आधार होतो.

घरधनी १९६० मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. ६ नोव्हेंबर १९६२ रोजी हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात, वरिष्ठ स्तर, दावा लावला. नोंदीत त्याचा क्रमांक १९६३ चा २६ असा आहे. मागणी होती दोन घरे, एक जमीन, दोन दुकाने आणि जंगम मालमत्ता यांत चोविसांपैकी सात हिस्से वाटून ताब्यात मिळण्याची.

आई विरुद्ध मुले असा हा तंटा होता, असे नावावरून वाटते. कागद वेगळे सांगतात. दुसरा मुलगा आणि तिन्ही मुली प्रतिवादी होत्या खऱ्या, पण त्यांनी आईचा दावा मान्य केला होता. लढला एकटा प्रतिवादी क्रमांक १, मुलगा गुरुपाद.

त्याची कैफियत अशी: मिळकत वडिलांनी स्वतः कमावलेली, एकत्र कुटुंबाची नव्हे. शिवाय वडिलांनी डिसेंबर १९५२ आणि डिसेंबर १९५४ मध्ये स्वतः आणि दोन मुलगे यांच्यात वाटण्या केल्या. त्यांत स्वतःसाठी राखलेल्या हिश्शाची व्यवस्था ३१ मार्च १९५५ च्या कौटुंबिक व्यवस्थेने लावून दिली. म्हणजे वाटायला काही उरलेच नाही. निकालपत्रात या वाटण्यांचे भागीदार म्हणून येतात ते तिघेच: बाप आणि दोन मुलगे. या तिन्ही तारखा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या आधीच्या आहेत, हेही ध्यानात घ्यावे. त्या वाटण्या खऱ्या ठरल्या असत्या तर नव्या कायद्याला हात लावायला घरात काही राहिले नसते.

त्या खऱ्या ठरल्या नाहीत. १३ जुलै १९६५ रोजी सांगलीच्या न्यायालयाने स्वकष्टार्जित मिळकतीचा मुद्दा फेटाळला आणि आधीच्या वाटण्यांचाही. आई जिंकली, पण पदरात पडला चोविसावा एकच हिस्सा. मुंबई उच्च न्यायालयाचा शिरामाबाई प्रकरणातला निर्णय समोर ठेवून न्यायाधीशांनी एवढेच देता येते असे म्हटले.

फरक कुठे पडला, हे बेरजेत दिसते. मुंबई प्रांतात हिंदू कायद्याच्या मिताक्षरा परंपरेत बायकोला आपणहून वाटणी मागता येत नाही. मात्र नवरा आणि मुलगे वाटण्या करतील तेव्हा तिला मुलाइतका हिस्सा मिळतो. १९५६ च्या कायद्याच्या कलम ६ ने मृत्यूच्या ऐन आधी अशी वाटणी झाली असे गृहीत धरायला सांगितले. तशी वाटणी केली तर चार वाटेकरी होतात: बाप, आई, दोन मुलगे. प्रत्येकी पाव. बापाचा पाव मग सहा वारसांत जातो, प्रत्येकी एक चोविसांश. आईचे सहा अधिक एक, सात. दोन्ही मुलगे सात-सात. मुली एक-एक. बेरीज चोवीस.

सांगलीच्या न्यायालयाने गृहीत वाटणी बापाचा हिस्सा काढण्यापुरती वापरली आणि आईला तिथून मिळणारा पाव सोडून दिला. उच्च न्यायालयात १९ मार्च १९७५ रोजी मुलाचे अपील फेटाळले गेले आणि आईचे प्रत्याक्षेप मंजूर झाले. शिरामाबाई प्रकरणाचा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती पटेल यांनीच पुढे रंगूबाई प्रकरणात तो चुकला असे म्हणून दोन्ही हिश्शांची बेरीज करायला हवी असे ठरवले होते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी शेवटी हाच अर्थ कायम केला: वाटणी झाली असे एकदा मानले की तिचे सगळे परिणामही मानावे लागतात. दाव्यापासून इथपर्यंत साडेपंधरा वर्षे होत आली होती.

हेच कुटुंब वसईचे, सांडोर किंवा निर्मळचे ख्रिस्ती कुटुंब असते आणि बापाने मृत्युपत्र केले नसते, तर? १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने विधवेला तिसरा हिस्सा, उरलेले मुलामुलींत सारखे. चोवीस वाटे धरले तर आईला आठ. सांगलीहून फक्त एक जास्त. पण मुलगी एकावरून तीनच्या पुढे जाते. सांगलीच्या त्या तीन बहिणी आईच्या बाजूने उभ्या राहिल्या तेव्हा हिंदू मुलीचा वाटा केवढा होता, हे यावरून कळावे. तो वाढला पुढे: महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने, देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून. आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने स्पष्ट झाले.

आज विरार-नालासोपाऱ्यात जुने घर पाडून इमारत उभी करायची ठरली की आधी वारस नोंद, मग हक्कसोडपत्र. भांडण बहुतेकदा बहिणीच्या सहीवरून रंगते. आईची सही धरूनच चाललेली असते, वारसांच्या यादीतले आणखी एक नाव म्हणून. सांगलीचा निकाल वाचणाऱ्याने तिथे थांबावे. हिराबाईंच्या सात वाट्यांपैकी नवऱ्याच्या मृत्यूने आलेला वारसा एकच होता. उरलेले सहा वाटणीत बायको म्हणून त्यांचे स्वतःचे होते. हिंदू एकत्र कुटुंबातली आई हक्कसोडपत्रावर सही करते तेव्हा ती फक्त नवऱ्याकडून आलेले सोडत नाही, स्वतःचेही सोडते. सही घेण्याआधी तो आकडा तिला मांडून दाखवायला हवा.