कागद कोण वाचतं?

मंडळी, अंधांच्या वाचनाचा विषय निघाला की आपण लुई ब्रेलपासून सुरुवात करतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. ब्रेलने १८२९ साली आपली ठिपक्यांची पद्धत प्रसिद्ध केली. आपल्या भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरलं. पण ब्रेलमध्ये कुणीतरी उतरवून दिलेलं असेल तेवढंच वाचता येतं. पोस्टाने आलेलं पत्र, विजेचं बिल, औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद, बँकेचं पासबुक या गोष्टी ब्रेलमध्ये येत नाहीत. त्या वाचायला शेजारचा मुलगा बोलवावा लागतो. मग पासबुकातली शिल्लक त्या मुलालाही कळते, आणि पत्रातलं घरगुती दुखणंही.

तेव्हा साधा छापील कागद अंध माणसाला आपला आपण कसा वाचता येईल, हा ब्रेलपेक्षा वेगळाच प्रश्न आहे. त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही.

पहिला नाव घेण्यासारखा प्रयत्न इंग्लंडमधला. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बर्मिंगहॅममध्ये एडमंड फोर्निए दाल्ब या शास्त्रज्ञाने 'ऑप्टोफोन' नावाचं यंत्र केलं. सेलेनियम या पदार्थाचा एक गुण आहे, प्रकाश कमीजास्त झाला की त्यातून जाणारी वीजही कमीजास्त होते. त्याचा उपयोग करून अक्षराच्या आकाराचे सूर काढायचे, अशी ती कल्पना. प्रत्येक अक्षराची वेगळी सुरावट. वाचणाऱ्याने ती कानाने ओळखायची. मेरी जेमसन या अंध तरुणीने १९१८ मध्ये लोकांसमोर असं वाचून दाखवलं, तेव्हा वेग होता मिनिटाला जेमतेम एक शब्द! पण बाई चिकाटीच्या. पुढे त्या मिनिटाला साठ शब्दांपर्यंत पोहोचल्या. इतका सराव सगळ्यांना कुठून जमणार? यंत्र फारसं पसरलं नाही.

दुसरा प्रयत्न अमेरिकेतला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जॉन लिनव्हिल यांची मुलगी कँडी अंध होती. तिच्यासाठी सुरू केलेल्या कामातून 'ऑप्टाकॉन' तयार झालं आणि १९७१ मध्ये विक्रीला आलं. उजव्या हातातला छोटा कॅमेरा ओळीवरून सरकवायचा आणि डाव्या हाताची तर्जनी यंत्राच्या खाचेत ठेवायची. तिथे १४४ बारीक टाचण्या थरथरतात आणि कागदावरच्या अक्षराचा आकार बोटाखाली उमटतो. कँडी पुढे हे यंत्र वापरूनच स्टॅनफर्डमध्ये शिकली. १९९६ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं, तेव्हा वापरणाऱ्यांपैकी अनेकांना हळहळ वाटली.

का हळहळ वाटावी? तोवर तर बोलणारी यंत्रं आली होती. इथेच या इतिहासातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. ऑप्टोफोन काय किंवा ऑप्टाकॉन काय, यंत्राला अक्षर कळत नव्हतं. ते फक्त आकार पोहोचवायचं. अक्षर ओळखायचं काम वाचणाऱ्याचं. ते हळू होतं, कष्टाचं होतं, पण चुकलं तर आपण चुकलो हे कळत होतं. बोट मागे नेऊन पुन्हा पाहता येत होतं.

तिसऱ्या प्रयत्नाने हे उलटं केलं. रे कर्झवाइल यांनी १३ जानेवारी १९७६ रोजी आपलं वाचनयंत्र जगासमोर मांडलं. कागद काचेवर ठेवायचा, यंत्र त्याचं चित्र घेणार, निरनिराळ्या वळणांची छापील अक्षरं स्वतः ओळखणार आणि मोठ्याने वाचणार. अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने, म्हणजे खुद्द अंध मंडळींनी, ते घडवण्यात आणि तपासण्यात भाग घेतला होता. गायक स्टीव्ही वंडर पहिल्या ग्राहकांपैकी एक. यंत्र टेबलभर मोठं आणि किंमत पन्नास हजार डॉलरच्या घरात. सामान्य माणसाने नुसतं ऐकावं!

पुढची गोष्ट स्वस्ताईची. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात जिम फ्रुक्टरमन यांनी 'आर्कनस्टोन' ही ना-नफा संस्था काढली आणि साधा संगणक व साधा स्कॅनर जोडून तेच काम करून दाखवलं. तिचं 'ओपन बुक' आणि कर्झवाइलच्या नावाचं 'कर्झवाइल १०००' यांत कुठलं घ्यावं, हा इंग्रजी वाचणाऱ्या अंधांपुढे बरीच वर्षं प्रश्न असे. 'टेसरॅक्ट' हे अक्षर ओळखणारं सॉफ्टवेअर २००५ मध्ये सर्वांना मोकळं झालं. पडदा वाचून दाखवणारं 'एनव्हीडीए' ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलं, तेही मोफत. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचं 'सीइंग एआय' मोबाइलवर आलं. त्यामागचे अभियंता साकिब शेख स्वतः अंध आहेत. पन्नास हजार डॉलरवरून फुकटपर्यंत, चाळीस वर्षांत!

मराठीचं काय? देवनागरी यंत्राला ओळखता यावी यावर भारतात सिन्हा आणि महाबळ यांचं संशोधन १९७९ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. पण रोमन अक्षरं सुटी उभी असतात, आपली शिरोरेषेला लटकलेली. वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. त्यात यंत्र हिंदीवर शिकलेलं असेल तर मराठीत अडखळतं. 'ळ' प्रमाण हिंदीत नाहीच, आणि 'वाऱ्यावर' मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र तिथे भेटत नाही. जुन्या खिळ्यांच्या छपाईतली, शाई पसरलेली पुस्तकं ही तर आणखी वेगळी परीक्षा.

माझे एक सहकारी गणित शिकवत. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. त्यांनी विचारलं, "मास्तर, यातलं कुठलं घेऊ?" मी म्हटलं, नाव मी सांगणार नाही, पण कसोट्या सांगतो.

एक, विक्रेत्याचा गुळगुळीत नमुना नको. आपल्या घरातले तीन कागद न्यावेत: नवं छापील मराठी पान, जुनं पुस्तक आणि रकाने असलेलं बिल. दोन, कागद उलटा किंवा तिरका ठेवला तर यंत्र सांगतं का, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळस माणसाच्या मदतीशिवाय सगळं चालवता येतं का? तीन, शंका आली तर शब्द अक्षर-अक्षर सुटा करून ऐकता येतो का? चार, कागदाचं चित्र आपल्याच संगणकावर राहतं की बाहेर कुठे जातं? पासबुकाच्या बाबतीत हे विचारायलाच हवं, नाहीतर शेजारच्या मुलाऐवजी दुसराच कुणी वाचणार.

ते हसले आणि म्हणाले, "शब्द चुकला तर अर्थावरून पकडीन हो. आकडा चुकला तर?"

गणिताच्या मास्तरांनी नेमकं बोट ठेवलं. 'पाणी' च्या जागी 'पाणा' ऐकू आलं तर कान टवकारतात. पण १ चा ९ झाला तर वाक्य तितकंच सुरळीत वाटतं. अलीकडची यंत्रं संदर्भावरून अंदाज बांधतात, त्यामुळे त्यांचं वाचन फार गोड झालं आहे. जुनी यंत्रं चुकली की बरळायची, लगेच कळायचं. नवी चुकली तर अस्खलित चुकतात. म्हणून माझ्या मते तिसरी कसोटी सगळ्यांत मोठी. ऑप्टाकॉनवर बोट मागे नेता यायचं, तसं मागे जाता आलं पाहिजे.

असो. तुमच्या घरात, शेजारात कुणी दृष्टी गमावलेलं असेल तर हे कागद घेऊन त्यांच्यासोबत जरूर जा. स्कॅनरची वायर जोडून द्या, लागेल तेवढी मदत करा. पण कुठलं घ्यायचं ते मात्र त्यांनाच ऐकून ठरवू द्या. वापरायचं त्यांना आहे.