देहातील दारिद्र्य

सावर्डे परिसरात आज डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे. हा मुलूख चाकरमान्यांचा. तरणी पिढी मुंबईस, घरी वृद्ध. पडवीतून अंगणात उतरतानाही ज्यांना आधार लागतो, त्यांच्या दुखण्यास फार काळ नावच नव्हते. ‘वय झाले’ एवढेच निदान! अमेरिकेतील अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली त्यास ‘सार्कोपेनिया’ म्हटले. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य.

आपल्याकडे स्नायूंची शुश्रूषा रुजली ती वृद्धांसाठी नव्हे, तर पोलिओग्रस्त बालकांच्या निकडीतून. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. वृद्धांच्या वाट्याला मात्र विश्रांतीचाच सल्ला येत राहिला.

या समजुतीला धक्का दिला तो मारिया फियातारोने यांनी बोस्टन येथे. त्यांनी नव्वदीतील दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजने उचलावयास लावली. नऊ जणांनी हा क्रम पुरा केला. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, दोघांनी तर काठी सोडली! हा वृत्तांत १९९० साली प्रसिद्ध झाला.

पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००३ साली दाखविलेली गोष्ट आपल्याला अधिक जवळची. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. चरबी त्या मानाने शाबूत; तूट मुख्यतः स्नायूंत. आपल्या आजोबांची पुंजी जन्मतःच तुटपुंजी असण्याचा संभव आहे, म्हणून महिनाभर अंथरुणास खिळणे त्यांना अधिक महाग पडते.