ऑनलाइन व्हिडिओ स्ट्रीमिंग

ऑनलाइन व्हिडिओ स्ट्रीमिंग म्हणजे संपूर्ण फाइल आधी डाउनलोड न करता, आंतरजालावरून येत असलेली चित्रफीत त्याच वेळी पाहण्याची पद्धत होय. खान्देशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांत अहिराणी गीते आणि विनोदी चित्रफिती यूट्यूबवर याच पद्धतीने पाहिल्या जातात.

प्रसारणाशी तुलना

जळगाव व धुळे येथील आकाशवाणी केंद्रांच्या लहरी परिसरातील सर्व रेडिओ संच एकाच वेळी ग्रहण करतात. श्रोते दहा असोत वा दहा लाख, प्रक्षेपकावरील भार बदलत नाही. स्ट्रीमिंगमध्ये मात्र सामान्यतः प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रत पाठवावी लागते. प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट धरल्यास १ लाख प्रेक्षकांसाठी सेकंदाला २०० गिगाबिट क्षमता लागते.

कार्यपद्धती

मूळ चित्रफितीच्या वेगवेगळ्या दर्जाच्या आवृत्त्या तयार करून प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात. तुकड्यांची यादी प्रेक्षकाच्या उपकरणातील प्लेअरला मिळते. प्लेअर जोडणीचा वेग पाहून पुढील तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवतो. म्हणूनच वेग घटल्यावर चित्र धूसर होते, पण शक्यतो थांबत नाही. ॲपल कंपनीची एचएलएस (२००९) आणि आंतरराष्ट्रीय मानक म्हणून २०१२ साली प्रसिद्ध झालेली एमपेग-डॅश या प्रमुख पद्धती आहेत.

वितरण

हे तुकडे साध्या फाइलींसारखे असल्याने त्यांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर साठवता येतात. अशा सर्व्हरांच्या समूहास आशय वितरण जाळे (सीडीएन) म्हणतात. गूगलसारख्या कंपन्या इंटरनेट सेवादात्यांच्या जाळ्यातही असे सर्व्हर बसवतात. एखादे अहिराणी गीत पहिल्यांदा मागवले गेले की ते दूरच्या केंद्रातून येते व जवळच्या सर्व्हरवर साठते; त्यानंतरच्या प्रेक्षकांना तीच प्रत मिळते. त्यामुळे लोकप्रिय गीताला कमी अंतर कापावे लागते, तर क्वचित पाहिल्या जाणाऱ्या चित्रफितीला अधिक.

थेट प्रक्षेपण

थेट प्रक्षेपणात तुकडे आधीपासून साठवता येत नाहीत. ते तयार होताच लाखो मागण्या एकदम येतात. अशा वेळी जवळचा सर्व्हर एकच मागणी मूळ केंद्राकडे पाठवतो आणि आलेला तुकडा सर्वांना देतो. तुकडे तयार करणे, पोहोचवणे व काही तुकडे हाताशी ठेवणे यांत वेळ जात असल्याने दृश्य प्रत्यक्ष घटनेपेक्षा काही सेकंद उशिरा दिसते. चांद्रयान-३ चे अवतरण (२३ ऑगस्ट २०२३) इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक, तर क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना (१९ नोव्हेंबर २०२३) डिस्ने+ हॉटस्टारवर ५.९ कोटी प्रेक्षकांनी पाहिला.

मर्यादा

सीडीएनमुळे आशय सेवादात्याच्या जाळ्यापर्यंत लवकर पोहोचतो; मात्र तेथून घरापर्यंतचा टप्पा स्थानिक जोडणीवर अवलंबून असतो. मोबाइल मनोऱ्याची क्षमता परिसरातील सर्व वापरकर्त्यांत विभागली जाते. त्यामुळे गावातील अनेकजण एकाच वेळी सामना पाहू लागल्यास, प्रत जवळ असूनही दर्जा घसरतो किंवा चित्र अडखळते.